खरेदीखतात न मावणारी गोष्ट

आपल्याकडची जुनी खरेदीखते ज्यांनी वाचली असतील, त्यांना 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' ही शब्दावली परिचयाची असेल. मिळकतीच्या चतुःसीमा सांगून झाल्या की ही यादी येते. विहिरीचे पाणी, बांधावरची झाडे, कुरणातले गवत, घराचे वासे, पायाचे दगड, इतकेच नव्हे तर कोणा पूर्वजाने पुरून ठेवलेला हंडा निघालाच तर तोही, असे सर्व काही घेणाऱ्याच्या स्वाधीन होते. निधी आणि निक्षेप या दोन शब्दांत अज्ञात धनाचीही सोय लावलेली आहे. यादी वाचताना वाटते, की हिच्यातून काही निसटणे शक्य नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ती आम्हांला अपुरी वाटली. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाने दक्षिण कोकणातल्या एका खेड्यात जांभ्या दगडाचे, शंभराहून अधिक वर्षांचे एक घर विकत घेण्याचे मनात धरले होते, आणि ते पाहायला आम्ही मिळून गेलो. मालक मुंबईत स्थायिक झालेले. पुढच्या पडवीत गावातल्या तीन बायका कितीतरी वर्षे आमसुले, कोकमाचे आगळ, फणसपोळी आणि कुळथाची पिठी करून विकतात. मागच्या खोपीत एक वृद्ध सुतार पाट आणि पोळपाट-लाटणी करतो. मालकांनी फोनवर कौतुकाने सांगितले होते, "चालता धंदा आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. घराबरोबर तेही तुमचंच." आम्ही निघालो तेव्हा त्या तिघींतल्या वडील बाईंनी एवढेच विचारले, "घर घेताय ते बरंच झालं, सर. पण पडवीचं काय ठरवलंय?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर आमचे बोलणे त्या प्रश्नापाशीच फिरत राहिले. जुन्या ग्रामीण वास्तूबरोबर तिच्यात चालणारे घरगुती उद्योगही विकत घेता येतात काय? येत असतील, तर नेमके काय हाती येते? जागा, नाव, गिऱ्हाईक, की ते काम करणारे हात? साहित्याच्या अध्यापकाला अशा वेळी जे आठवावे तेच आम्हांला आठवले. रवींद्रनाथ ठाकुरांनीही १९१२ साली खेड्यातली एक जुनी वास्तू विकत घेतली होती. त्या खरेदीचा इतिहास आपल्याकडे रवींद्रसाहित्याच्या तळटीपेत उरकला जातो. तो थोडा विस्ताराने पाहावा, असे वाटले म्हणून हा लेखप्रपंच.

ही वास्तू म्हणजे सुरूलची कोठी. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, शांतिनिकेतनपासून दोन-तीन किलोमीटरवर सुरूल हे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने येथे आपला व्यापारी रेसिडेंट नेमला. त्याचे नाव जॉन चीप. चीपने चाळीसएक वर्षे या भागात काढली आणि १८२८ साली त्याचा मृत्यूही तेथेच झाला. विल्यम हंटर याने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या 'ॲनल्स ऑफ रूरल बेंगाल' या ग्रंथात चीपच्या थाटाचे आणि दराऱ्याचे सविस्तर चित्र रेखाटले आहे. (हा ग्रंथ बंगाली वाङ्मयाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही, 'आनंदमठ'ला ऐतिहासिक पुष्टी देण्यासाठी बंकिमचंद्रांनी त्याचाच आधार घेतला होता.) हंटरच्या म्हणण्याप्रमाणे चीप हा केवळ व्यापारी नव्हता. त्याने रस्ते बांधले, निळीची लागवड आणली, साखर करण्याची पद्धत सुधारली. लोक आपली भांडणेही त्याच्यापुढे नेत. हंटर हे सर्व काहीशा भक्तिभावाने लिहितो. आपण ते वाचताना त्या भक्तिभावामागचा व्यवहार शोधला पाहिजे.

तो व्यवहार असा होता. कोठीला कापड हवे असे, पण कोठीत माग नव्हते. माग होते विणकरांच्या घरांत. कंपनीचा गुमास्ता विणकराला आगाऊ रक्कम देई. तिला बंगालमध्ये 'दादनी' म्हणत. दादनी घेतली की विणकर बांधला गेला. कापड कोठीत आणून द्यायचे, त्याचा कस कोठीने ठरवायचा, नापसंत ठाण परत करायचे, आणि घेतलेली रक्कम फिटेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकायचा नाही. १७९३ च्या एका नियमनाने हे संबंध कायद्यात बसवले. माल वेळेवर न देणाऱ्या विणकराच्या दारात शिपाई बसवण्याची मुभाही त्यात होती. म्हणजे घर विणकराचे, माग विणकराचा, राबणारी बायकामुले विणकराची; आणि तरी ते घर हे कोठीचेच एक दालन. या काळी सुरूलच्या कोठीची चतुःसीमा जर कोणी प्रामाणिकपणे लिहिली असती, तर तिच्यात आसपासच्या पन्नास गावांतल्या ओसऱ्या घालाव्या लागल्या असत्या.

मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. आपल्याकडे पाटीलकीचे वतन विकले जाई तेव्हा त्याबरोबर हक्क आणि मानपानही विकले जात. घरासह जमीन घेणाऱ्याला बलुतेदारांकडून मिळणाऱ्या सेवांचा वाटाही मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे रवींद्रनाथांच्या या खरेदीनंतर तीनच वर्षांनी. आत्र्यांनी या व्यवस्थेकडे हळव्या नजरेने पाहिले नाही. गावाचा गाडा कोणाच्या खांद्यावर किती पडतो, कारागिराचे कसब या बांधिलकीत कसे गोठते, हे त्यांनी परखडपणे मांडले. ग्रामीण उद्योगांविषयी कोणी फार गोड बोलू लागले की आम्ही विद्यार्थ्यांना आत्र्यांकडे पाठवतो.

१८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापारच संपवला. इकडे लँकेशायरच्या कापडाने विणकराच्या घरातला माग आधीच मुका केला होता. कोठी ओस पडली. पुढे ही मिळकत रायपूरच्या सिंह या जमीनदार घराण्याकडे आली. याच घराण्याकडून देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली शांतिनिकेतनची २० बिघे जमीन, वर्षाला ५ रुपये खंडाने, कायमच्या पट्ट्यावर घेतली होती. सुमारे अर्धशतकाने मुलाने त्याच घराण्याकडून सुरूलची कोठी घेतली. वडिलांना ध्यानासाठी एकांत हवा होता. मुलाला काय हवे होते?

याचे उत्तर रवींद्रनाथांच्या जमीनदारीत आहे. १८९० नंतरची दहा-बारा वर्षे ते शिलाईदह, शाहजादपूर, पतिसर या भागांत नावेतून हिंडत होते, कुळांच्या तक्रारी ऐकत होते. 'गल्पगुच्छ'मधल्या कथा याच काळातल्या. त्या कथांची चर्चा आपण वर्गात पुष्कळ करतो. पण त्याच माणसाने १९०५ साली पतिसरला शेतकऱ्यांसाठी बँक काढली आणि नोबेल पारितोषिकाची रक्कम त्या बँकेत ठेवली, हे सांगायचे राहून जाते. १९०६ साली त्यांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेती शिकायला पाठवले. बड्या घरची मुले बॅरिस्टर व्हायला विलायतेला जात त्या काळात हा निर्णय अनेकांना चमत्कारिक वाटला असणार. सुरूलची खरेदी ही या मालिकेतली पुढची पायरी होती. शेतीचे प्रयोग आणि गावाचे उद्योग यांसाठी एक ठिकाण हवे होते, आणि जुनी कोठी स्वस्थ पडून होती.

परंतु घर घेतले म्हणजे घर लागले असे होत नाही. रथींद्रनाथ तेथे राहायला गेले, त्यांनी प्रयोगशाळेची जुळवाजुळव केली, आणि मलेरियाने त्यांना तेथून उठवले. जवळजवळ दहा वर्षे ही मिळकत म्हणावी तशी उपयोगात आली नाही. विकत घेतलेल्या वास्तूत गाव नव्हता. गाव कुंपणाबाहेर होता आणि त्याला या कोठीची आठवण चांगली असण्याचे कारण नव्हते.

याच दशकात रवींद्रनाथांनी लिहिलेल्या एका प्रसंगाकडे आम्हांला लक्ष वेधावेसे वाटते. 'घरे बाइरे' (१९१६) या कादंबरीत पंचू नावाचा एक दरिद्री माणूस आहे. शेजारच्या जमीनदाराचे हे कूळ फेरी करून किरकोळ माल विकते, त्यावर त्याची गुजराण. स्वदेशीच्या नावाने त्याचा परदेशी माल जातो आणि जमीनदार त्याला दंडही करतो. नायक निखिलेश सज्जन आहे. स्वतः जमीनदारही आहे. पंचूला वाचवण्याचा उपाय म्हणून त्याला सुचते ते असे, की पंचू राहतो ती जागाच आपण विकत घ्यावी आणि त्याला आपले कूळ करून घ्यावे. मग त्या खरेदीत अडथळा आणण्यासाठी पंचूची एक खोटी नातेवाईक हक्क सांगत उभी केली जाते. कथानकाच्या दृष्टीने हा उपप्रसंग आहे. पण चांगल्या मनाच्या श्रीमंत माणसाला दुसऱ्याच्या संकटावर पहिला उपाय सुचतो तो खरेदीचा, हे रवींद्रनाथांच्या नजरेतून सुटले नव्हते. स्वतः सुरूलची कोठी घेतलेल्या लेखकाने हे लिहावे, यात आत्मपरीक्षणाचा अंश आम्हांला दिसतो. तो सिद्ध करता येणार नाही. वाचकाने पडताळून पाहावा.

१९२१ साली न्यूयॉर्कमध्ये रवींद्रनाथांची भेट लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाशी झाली. यॉर्कशरचा हा मुलगा केंब्रिजला इतिहास शिकून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेतीचे शिक्षण घेत होता. त्या वर्षाच्या अखेरीस तो शांतिनिकेतनला आला आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजी दहाएक विद्यार्थ्यांसह सुरूलच्या कोठीत ग्रामपुनर्रचनेचे काम सुरू झाले. पुढे या संस्थेला श्रीनिकेतन हे नाव मिळाले. कालीमोहन घोष, संतोषचंद्र मजुमदार हे सहकारी होते. कासाहारा नावाचा जपानी कारागीर-बागकाम करणारा तेथे झाडावर घर बांधून राहिला. ग्रेचेन ग्रीन या अमेरिकन बाईंनी दवाखाना चालवला. या कामाचा खर्च उचलला डोरोथी स्ट्रेट या धनाढ्य अमेरिकन विधवेने.

पहिला धडा कोणत्याही हस्तोद्योगाचा नव्हता. कोठीत भंगी ठेवायचा नाही असे ठरले, आणि भद्रलोक घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी चर खणून, स्वतःचा मैला स्वतः मातीआड करून, त्याचे खत करायला सुरुवात केली. एल्महर्स्ट स्वतः त्यात पुढे होता. आम्हांला या आरंभाचे महत्त्व फार वाटते. ज्या कोठीच्या आवारात शंभर-सव्वाशे वर्षे दुसऱ्यांच्या हातांनी सर्व कामे झाली, तेथे मालकाने प्रथम आपले हात वापरले. गावाचा अविश्वास यामुळे एका दिवसात गेला नाही. मलेरियाचा बंदोबस्त, आग विझवायला धावून जाणारी 'व्रती बालकां'ची पथके, दवाखाना, या मार्गाने तो हळूहळू कमी झाला. उद्योग त्यानंतर आले.

जे आले त्यांत विविधता होती. विणकाम, चामड्याचे काम, सुतारकाम, कुंभारकाम, पुस्तकबांधणी आणि लाखेचे काम. लाखेची परंपरा जवळच्या इलामबाजारची. तेथले कारागीर आपले कसब घेऊन श्रीनिकेतनात आले. लक्ष्मीश्वर सिंह स्वीडनमधून 'स्लॉइड' ही हस्तव्यवसायाची शिक्षणपद्धती शिकून आले. रवींद्रनाथांनी १९२७ साली जावा-बालीचा प्रवास केला. बाटिक शांतिनिकेतनात रुजवण्यात त्यांच्या सून प्रतिमादेवी यांचा मोठा वाटा होता. चामड्यावरच्या ठशांचे तंत्र रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी यांनी युरोपातून आणले. आज ज्याला आपण 'शांतिनिकेतनी' म्हणून ओळखतो ते बरेचसे काम, म्हणजे, गावात परंपरेने चालत आलेले नाही. गावातल्या हातांनी बाहेरचे पाहून ते उभे केले आहे. ग्रामीण कला म्हणजे जे पूर्वापार होते तेच, ही आपली समजूत येथे दुरुस्त करावी लागते.

गांधीजींशी झालेला रवींद्रनाथांचा चरख्याचा वाद याच संदर्भात वाचावा. १९२५ साली 'मॉडर्न रिव्ह्यू'त रवींद्रनाथांनी चरख्याच्या पंथावर टीका केली. तो लेख श्रमविरोधी कवीचा लेख म्हणून आपल्याकडे कधीकधी शिकवला जातो, ते अन्यायाचे आहे. त्यांचा मुख्य आक्षेप एकाच हालचालीच्या सार्वत्रिक सक्तीला होता. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या कोठीत माग, चाक, करवत, कातडे कमावण्याचे हौद अशी अनेक कामे चालू होती. कारागिराच्या हाताबरोबर त्याची कल्पकताही चालली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

येथवरची कथा सुखान्त वाटेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एक अवघड प्रश्न टाळू नये. श्रीनिकेतनचे शिल्पभवन काम कसे करी? ते कारागिराला शिकवी, नक्षी देई, कच्चा माल पुरवी. कारागीर किंवा गावातली बाई आपल्या घरी वस्तू तयार करी. शिल्पभवन ती घेई आणि विक्रीकेंद्रातून विके. ही रचना दादनीच्या रचनेपासून किती दूर आहे? आराखडा कागदावर काढला तर दोन्ही चित्रे बरीच सारखी दिसतात. मध्ये कोठी, भोवती घरे, कोठीतून माल बाहेर जातो आणि वस्तू आत येते. जॉन चीपचीही कोठी अशीच होती.

आमच्या मते फरक आहे, आणि तो रचनेत नसून अटींत आहे. चीपच्या विणकराला नकार देता येत नव्हता. त्याचे कर्ज हीच कोठीची खरी मालमत्ता होती. शिल्पभवनात शिकलेला कारागीर बाहेर पडून स्वतःचे दुकान थाटू शकत होता, आणि पुढे अनेकांनी ते केले. बोलपूरच्या आसपास चामडे, बाटिक, कांथा यांचे जे असंख्य घरगुती उद्योग आज दिसतात, ते या बाहेर पडण्याचे फळ आहे. त्याच परिसरात स्वातंत्र्यसैनिक सुषेण मुखोपाध्याय यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेली 'आमार कुटीर' ही संस्थाही याच मार्गाने वाढली. नाव पाहावे : माझी कुटी. तरीही हे मान्य केले पाहिजे, की नक्षी कोणी ठरवायची आणि किंमत कोणी लावायची, या दोन गोष्टी पुष्कळ काळ भद्रलोकांच्याच हाती राहिल्या. सद्भावनेने हा प्रश्न सुटत नाही, तो फक्त सौम्य होतो.

या कथेचा उत्तरार्ध इंग्लंडमध्ये घडला. एल्महर्स्टने १९२५ साली डोरोथी स्ट्रेट यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी या दांपत्याने डेव्हन परगण्यातली डार्टिंग्टन हॉल ही मिळकत विकत घेतली. डेव्हनची शिफारस खुद्द रवींद्रनाथांनी केली होती असे सांगतात. ते संभवनीय आहे, कारण कोवळ्या वयात, १८७९ साली, ते डेव्हनमधल्या टॉर्की येथे राहिले होते. (त्या प्रवासापूर्वी, १८७८ मध्ये, इंग्रजी रीतिरिवाजांची ओळख व्हावी म्हणून ते मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.)

डार्टिंग्टनची वास्तू चौदाव्या शतकाच्या अखेरची. दुसऱ्या रिचर्ड राजाचा सावत्र भाऊ जॉन हॉलंड याने ती बांधली. १५५९ पासून चॅम्परनाऊन घराण्याकडे ती साडेतीन शतकांहून अधिक काळ होती. मोठ्या दिवाणखान्याचे छप्पर १८१३ साली उतरवले गेले होते. एल्महर्स्ट दांपत्याने घेतली तेव्हा तेथे आभाळाखाली उघड्या भिंती उभ्या होत्या. विल्यम वियर या वास्तुतज्ज्ञाने ते छप्पर पुन्हा घातले. भोवती शेती, फळबागा, सफरचंदाची मदिरा, लाकूड कापण्याची गिरणी, कापडाचा कारखाना, कुंभारकाम, बांधकामाची कंपनी, प्रयोगशील शाळा असे सर्व हळूहळू उभे राहिले. प्रख्यात कुंभार-कलावंत बर्नार्ड लीच १९३० च्या दशकात येथे काम करत होते. रवींद्रनाथ १९२६ आणि १९३० साली येथे येऊन राहिले. सुरूलच्या मलेरियाग्रस्त कोठीत जे बीज पडले होते, ते डेव्हनच्या मातीत लावले गेले. वसाहतीकडून राज्यकर्त्या देशाकडे एखादी कल्पना अशी उलट दिशेने गेल्याची उदाहरणे थोडी आहेत, म्हणून हे अधिक ध्यानात ठेवण्यासारखे.

परंतु डार्टिंग्टनमध्ये सुरूलचाच प्रश्न उलट्या बाजूने आला. तेथे पैसा भरपूर होता. उद्योगांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे असा एल्महर्स्टचा आग्रह होता. प्रत्यक्षात पहिली बरीच वर्षे तोटा डोरोथीच्या संपत्तीतून भरून निघाला. बाहेरून आलेले कलावंत आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे शेतकरी यांच्यात अंतर राहिले. प्रयोगशील शाळा १९८७ साली बंद झाली. पुढे कला महाविद्यालयही २०१० मध्ये तेथून हलले. वास्तू राहिली, न्यास राहिला. घरातले उद्योग मात्र वास्तूइतके टिकाऊ ठरले नाहीत. दगडी भिंतीला मालक बदललेला कळत नाही, उद्योगाला कळतो.

महाराष्ट्रात याच सुमारास तिसरा प्रकार घडला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी वर्ध्याची आपली बाग व बंगला त्यासाठी दिला. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्याला मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशीपालन असे प्रयोग चालले. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय सुरू झाले. येथे खरेदी नव्हती, दान होते. पण गांधीजी स्वतः १९३६ मध्ये मगनवाडी सोडून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. दान मिळालेल्या बंगल्यापेक्षा गावातली मातीची झोपडी त्यांना जवळची वाटली. वास्तू कोणाची, याचे उत्तर दिल्याने वस्ती कोणाची, याचे उत्तर मिळत नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

२०२३ मध्ये शांतिनिकेतनाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. आश्रम, उत्तरायण, कलाभवन हा त्याचा गाभा. आनंदाची गोष्ट आहे. त्याआधीच 'शांतिनिकेतनी चर्मवस्तू' यांना भौगोलिक मानांकन मिळाले होते, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती घटना अधिक अर्थपूर्ण आहे. मानांकनात वास्तूचा मालक कोण हे विचारले जात नाही. त्या परिसरात, त्या पद्धतीने काम करणाऱ्यांचा त्या नावावर सामायिक हक्क आहे, असे ते सांगते. निधी-निक्षेपाच्या यादीत जो हुन्नर कधी आला नाही, तो कायद्याच्या कागदावर प्रथमच, आणि विकता न येणाऱ्या स्वरूपात आला. अर्थात कागदावरचा हक्क प्रत्येक ओसरीपर्यंत पोचतो काय, हा वेगळा प्रश्न आहे.

पुन्हा कोकणातल्या त्या पडवीकडे येतो. दिवाळीनंतर आम्ही तेथे परत गेलो. घराचा व्यवहार अजून व्हायचा होता. जाताना वकिलांकडून एक स्वतंत्र करारपत्र लिहून नेले होते : पडवी आणि खोप माफक भाड्याने दीर्घ मुदतीसाठी त्या तिघींच्या आणि सुतारकाकांच्या नावे, त्यांच्या मालाचे नाव, गिऱ्हाईक आणि पाककृती यांवर घरमालकाचा कोणताही हक्क नाही, भाडे वाढवायचे झाल्यास दोन्ही बाजूंच्या संमतीने. वकील हसले होते. अशा अटी घालून घर घेणारा त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

वडील बाईंनी कागद आपल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला. मुदतीच्या कलमाशी तिला थांबवून त्या म्हणाल्या, "भाडं देऊ आम्ही, ते काही नाही. पण आम्हांला उठायचं झालं तर कधी उठता येईल, तेही लिहा की."

दादनीच्या विणकराला जे मागता आले नव्हते, ते त्या मागत होत्या. आणि संरक्षणाच्या कल्पनेत गुंतलेल्या आम्हांला ते सुचले नव्हते. ते कलम आम्ही तेथेच, पडवीत बसून, हाताने घातले.